व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी

धर्माबाद म्हटले की लोकांना मिरचीची बाजारपेठ आठवते. ध्वनिशास्त्राशी ह्या गावाचा संबंध जोडावा असे कोणाच्या मनात येणार नाही. परंतु येथील एका भजनी मंडळाकडे व्हॉल्व्हचा जुना ध्वनिवर्धक आहे, आणि त्याच्या निमित्ताने मला जो अभ्यास करावा लागला तो कला शाखेच्या वाचकालाही रुचेल असे वाटते.

प्रश्न साधा होता. यंत्रात 'ईएल ३४' जातीचे दोन पॉवर व्हॉल्व्ह. त्यांतला एक पेटवल्यावर थोड्याच वेळात आतून लालबुंद होई. एका दुकानदाराने सांगितले, "त्याच खाचेत ६ एल ६ बसतो, तोच लावा." मंडळाने जोडी आणलीही. लावावी की नाही, हे मला विचारण्यात आले. चुकले तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळणार. आणि तसा ट्रान्सफॉर्मर आज तयार मिळत नाही, तो मुद्दाम गुंडाळून घ्यावा लागतो.

प्रथम व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. निर्वात काचेच्या नळीत तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो आणि धन दाबाची प्लेट ते ओढून घेते. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी ह्या दोहोंमध्ये तारेची जाळी, म्हणजे ग्रिड, घातली. शेतकरी पाटाचे दार बोटभर हलवतो आणि वाफ्यात जाणारे पाणी कितीतरी बदलते. ग्रिडचे काम नेमके तेच. मायक्रोफोनकडून आलेला दुबळा संकेत दार हलवतो, जोर मात्र वीजपुरवठ्याचा असतो.

६ एल ६ हा अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९३६ साली आणला. ईएल ३४ हा त्यानंतरचा, युरोपीय घराण्यातला. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यांचे ईएल ८४ आजही परदेशी हौशी लोक शोधत असतात. आता नवे पॉवर व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथून येतात.

दोन्ही व्हॉल्व्हना आठ पिनांचे एकच सॉकेट लागते, येथपर्यंत दुकानदाराचे म्हणणे खरे. पण खाचेत बसणे वेगळे आणि यंत्रात बसणे वेगळे. ईएल ३४ ची तार तापवायला ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर लागतात, ६ एल ६ ला ०.९. म्हणजे ६ एल ६ च्या यंत्रात ईएल ३४ ची जोडी घातली तर पॉवर ट्रान्सफॉर्मरवर १.२ अँपिअरचा जादा भार पडतो. शिवाय ईएल ३४ ची पहिली पिन ही आणखी एका जाळीची असते व ती कॅथोडला जोडावीच लागते. ६ एल ६ ला तिची गरज नाही. आमच्या बाबतीत अदलाबदल उलट दिशेची होती, म्हणून ह्या दोन अडचणी नव्हत्या. तिसरी होती. ईएल ३४ ची जोडी साधारण साडेतीन हजार ओहमच्या भारावर नीट चालते, ६ एल ६ ची साडेपाच हजारांच्या आसपास. भार ट्रान्सफॉर्मर ठरवतो. तो बदलता येत नाही.

आणि मुळात जुना व्हॉल्व्ह लाल का झाला? हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. दोन्ही व्हॉल्व्ह काढून मी सॉकेटच्या ५ क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, दाब मोजला. एकीकडे ऋण ३६ व्होल्ट, दुसरीकडे ऋण २२. मागच्या टप्प्यातून संकेत आणणारा कपॅसिटर गळत होता आणि पाटाचे दार सदैव उघडे ठेवत होता. तेथे कोणताही नवा व्हॉल्व्ह जळालाच असता.

येथे इशारा द्यायलाच हवा. ह्या यंत्रात ४२५ व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरांत साठून राहतात. माणूस मरायला ते पुरेसे आहेत. दाब उतरवून, मापक शून्य दाखवल्याशिवाय आत हात घालू नये. आणि स्पीकर जोडल्याशिवाय यंत्रातून आवाज काढू नये.

दोन्ही कपॅसिटर बदलून नवे ईएल ३४ लावले. त्यांची प्लेट २५ वॉट उष्णता सोसते. विश्रांतीत तिच्या ७० टक्के, म्हणजे १७.५ वॉट धरावे. भागिले ४२५, की ४१ मिलिअँपिअर येतात. कॅथोडमध्ये १० ओहमचा रोध घालून त्यावर ०.४१ व्होल्ट दिसेपर्यंत ग्रिडचा ऋण दाब जुळवला. ह्यालाच बायस म्हणतात. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचा गाभा एकीकडून चुंबकित होतो व खर्ज बिघडतो.

आता आवाजाची गोष्ट. मंडळींना ६ एल ६ ऐकायचाच होता, म्हणून बायस पुन्हा जुळवून तो अगदी हलक्या आवाजात थोडा वेळ चालवला. पहिल्या ऐकण्यात सर्वांनी ईएल ३४ ला कौल दिला. कारण उघड होते: तितक्याच संकेतावर ईएल ३४ अधिक मोठा वाजतो, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो. व्हॉल्व्ह बदलून गरम होईपर्यंत आधीचा आवाज आठवणीतही राहत नाही. म्हणून स्पीकरच्या टोकांवरून दोन्हींचे ध्वनिमुद्रण केले, पातळी मापकाने सारखी केली आणि नाणे उडवून हेडफोनवर दहा वेळा ऐकवले. तिघांपैकी एकाने ६, दुसऱ्याने ५ आणि मृदंग वाजवणाऱ्याने ८ वेळा बरोबर ओळखले. निव्वळ अंदाजाने १० पैकी ८ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६ असते. तेव्हा मृदंगवाल्याचे म्हणणे सिद्ध झाले असे नाही, पण मी ते झटकून टाकणार नाही. तो म्हणाला, "मृदंगाचा धूम सैल पडतो." ६ एल ६ मध्ये प्रवर्धन कमी, म्हणून दोष सुधारण्यासाठी मागे वळवलेला संकेतही कमी, आणि स्पीकरच्या पडद्यावरचा ताबाही कमी, शास्त्राला धरूनच आहे ते. बाकीच्या 'गोडव्या'बद्दल जे ऐकायला मिळते त्यातले बरेचसे पातळीच्या फरकाचे असावे, असे माझे मत आहे.

मंडळाने ईएल ३४ च ठेवले. ६ एल ६ ची जोडी खोक्यात घालून कपाटात आहे. साडेपाच हजार ओहमच्या भाराचे एखादे यंत्र हाती आले तर कामी येईल.