नेताजी पालकर शिकवताना : "सर, मग ते फितूर होते का?"

चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचा इतिहास सुरू झाला की कर्जत-खालापूर भागातल्या मुलांची कॉलर जरा ताठ होते. कारण स्वराज्याचे सरनौबत नेताजी पालकर हे खालापूर तालुक्यातल्या चौक गावचे. 'प्रतिशिवाजी' म्हणून ज्यांची ख्याती झाली, ते आपल्या शेजारच्या गावचे! पण याच मुलांनी घरी किंवा एखाद्या मालिकेत ऐकलेलं असतं, की नेताजी मोगलांना जाऊन मिळाले होते. मग प्रश्न येतो, शीर्षकात दिलाय तोच.

बरेचदा आपण "ते मोठ्या वर्गात शिकशील" म्हणून पुढे जातो. तसं करू नका. हा प्रश्न टाळला तर मूल स्वतःच उत्तर बनवतं, आणि ते उत्तर बहुधा एका शब्दाचं असतं. त्यापेक्षा घटना क्रमाने सांगा. या गोष्टीत क्रमालाच सगळं महत्त्व आहे.

सुरुवात आपल्या मुलखापासून करा. मागे सह्याद्री, खाली कोकण आणि मध्ये घाटवाटा, असा हा भाग. ज्याला या वाटा माहीत, त्याच्या हातात बळ. 1661 मध्ये कारतलबखानाची फौज ज्या उंबरखिंडीत कोंडली गेली, तीही खालापूर तालुक्यातच, चावणी गावाजवळ. अशा मुलखातलं पालकर हे मातब्बर घराणं. महाराजांच्या राणी पुतळाबाई याच घराण्यातल्या, म्हणजे नातंही होतं.

माणकोजी दहातोंडे यांच्यानंतर नेताजी घोडदळाचे सरनौबत झाले. 1659 मध्ये अफजलखानाच्या मृत्यूनंतर त्यांच्या घोडदळाने आदिलशाही मुलखात धुमाकूळ घातला. 1660 मध्ये महाराज पन्हाळ्यात अडकले असताना सिद्दी जौहरचा वेढा फोडायला नेताजी गेले, पण यश आलं नाही. त्यांच्यासोबत लढायला सिद्दी हिलाल होते. हे नाव वर्गात आवर्जून घ्या, पुढे उपयोगी पडेल.

आता अवघड भाग. जून 1665, पुरंदरचा तह. 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले. चौकहून इरशाळगडाच्या बाजूला जो प्रबळगड दिसतो, तोसुद्धा त्यात गेला. तहानुसार महाराज आणि नेताजी मिर्झाराजे जयसिंगांच्या बाजूने विजापूरवर चालून गेले. म्हणजे मोगलांच्या छावणीत नेताजी पहिल्यांदा गेले ते महाराजांबरोबरच! जानेवारी 1666 मध्ये महाराजांनी पन्हाळ्यावर हल्ला केला, तो फसला, बरीच माणसं पडली. नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत, असा ठपका आला आणि सरनौबतपद गेलं. (ते पुढे कडतोजी गुजर यांना मिळालं, तेच प्रतापराव.) दुखावलेले नेताजी विजापूरकरांना मिळाले. एवढा कसलेला सरदार विजापूरकडे राहणं जयसिंगांना परवडणारं नव्हतं. त्यांनी मार्चमध्ये नेताजींना आपल्याकडे ओढलं आणि पाच हजारी मनसब दिली.

इथे थांबून मुलांना मत विचारा. बहुतेक हात 'फितूर'च्या बाजूने वर होतील. होऊ द्या. मनसबदारीच्या त्या काळात सरदाराने धनी बदलणं नवं नव्हतं, खुद्द शहाजीराजांनी निजामशाही, मोगल, आदिलशाही अशा तिन्ही दरबारांत चाकरी केली, हेही सांगा. तरीही सरनौबताने जाणं वेगळं, असं एखादी मुलगी म्हणेल. तिचं बरोबर आहे. नेताजींना सोयीस्कर वाटेल अशी सफाई आपण देऊ नये, असं माझं मत.

मग पुढचं पान उलटा. 17 ऑगस्ट 1666 ला महाराज आग्र्याहून निसटले. आता नेताजीही त्यांना जाऊन मिळतील, ही औरंगजेबाला धास्ती. ऑक्टोबरमध्ये बीड जिल्ह्यातल्या धारूर भागात नेताजींना कैद झाली. मनसब मिळून जेमतेम सात महिने! पाच हजारीचा मान देऊनही बादशहाचा त्यांच्यावर विश्वास बसला नव्हता, हा मुद्दा मुलांच्या बरोबर लक्षात येतो. दिल्लीला नेऊन 1667 मध्ये त्यांना इस्लाम स्वीकारायला लावलं, नाव ठेवलं मुहम्मद कुलीखान, आणि रवानगी केली थेट काबूलच्या मोहिमेवर. वाटेत लाहोरहून पळायचा प्रयत्न केला, पण पकडले गेले. नकाशावर चौक ते काबूल असा दोरा लावून दाखवा. वर्ग गप्प होतो.

धर्मांतराचा भाग सांगताना जपून बोलावं लागतं, कारण वर्गात सगळ्या घरची मुलं असतात. इथे मघाचे सिद्दी हिलाल आठवा. प्रश्न कैद्यावर केलेल्या सक्तीचा आहे, शेजारी बसलेल्या मित्राचा नाही.

जवळपास नऊ वर्षांनी दिलेरखानासोबत त्यांना दख्खनमध्ये पाठवलं गेलं. तिथून ते महाराजांकडे आले. जून 1676 मध्ये त्यांना विधिपूर्वक पुन्हा हिंदू धर्मात घेण्यात आलं. मधल्या काळात काय काय घडून गेलं होतं बघा. राज्याभिषेक झाला होता, प्रतापराव नेसरीला पडले होते, सेनापती हंबीरराव मोहिते होते. ज्यांनी पदावरून दूर केलं त्यांच्याच दारात, दहा वर्षांनी, दुसऱ्या नावाने फिरलेला माणूस उभा. तेव्हा अशा माणसाला परत घ्यायला समाज सहसा तयार नसे, महाराजांनी घेतलं.

वर्गासाठी : तहापासून परतीपर्यंतच्या सात-आठ घटना चिठ्ठ्यांवर तारखेविना लिहा, गटांना क्रम लावू द्या. 'कैद' आणि 'मनसब' यांची अदलाबदल करून बघा, म्हणजे सगळी गोष्टच कशी बदलते ते मुलंच सांगतील. मग मघाचा हात वर करायचा प्रश्न पुन्हा विचारा. मत बदललेल्याला कारण विचारा, न बदललेल्यालाही विचारा.

पालकांनो, सुट्टीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना चौकला पाच मिनिटं गाडी थांबवा. प्रबळगड दाखवा, आणि तो कोणत्या तहात गेला ते मुलांनाच सांगू द्या.