पायांतील रक्ताच्या गुठळ्या आणि हालचालीचे महत्त्व

रुग्णाला अंथरुणावरून जराही हलू न देणे म्हणजेच उत्तम शुश्रूषा, असा समज आपल्याकडे घरोघरी आढळतो. तो मायेपोटी आलेला असला, तरी शस्त्रक्रियेनंतर प्रसंगी जिवावर बेतू शकतो; कारण निश्चल पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो.

हृदय पायांपर्यंत रक्त पोहोचविते. परंतु उभ्या-बसल्या स्थितीत ते पुन्हा वर नेण्यात पोटरीच्या स्नायूंचा मोठा वाटा असतो. पाऊल हलले की हे स्नायू आकुंचन पावतात, शिरा दाबल्या जातात व रक्त वर ढकलले जाते. शिरांतील झडपा ते खाली परतू देत नाहीत. म्हणूनच पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात. मंदावलेला प्रवाह, रक्तवाहिनीच्या अस्तराला झालेली इजा आणि रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही गुठळीची तीन कारणे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरचो यांच्या नावाने ओळखली जातात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ती तिन्ही एकत्र येऊ शकतात. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकल्यास मृत्यूही ओढवतो.

१९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना आश्रयस्थानांत तासन्‌तास खुर्चीवर बसून राहिलेल्यांचे असे मृत्यू न्यायवैद्यकतज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात नोंदविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार, चार तास वा अधिक काळाच्या बैठ्या प्रवासानंतर हा मुळात अल्प असलेला धोका सुमारे दुपटीने वाढतो.

उपाय साधा आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर पडल्या पडल्या दोन्ही पावले स्वतःकडे ओढावीत व पुन्हा पुढे ताणावीत. जागेपणी दर तासाला असे दहा-बारा वेळा करावे. घोटे गोलाकार फिरवावेत. परवानगी मिळताच आधार घेऊन खोलीत चालावे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही जोखमीचे असतात. तेव्हा बाळंतिणीने विश्रांती अवश्य घ्यावी, परंतु अंथरुणाला खिळून राहू नये.

व्यायाम हा औषधाला पर्याय नव्हे. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने वा घट्ट मोजे सुचविले असल्यास ते स्वतःहून बंद करू नयेत. एकाच पायाला सूज, पोटरीत वेदना, उष्णता वा लाली आढळल्यास पाय चेपू नयेत, तेल चोळू नये; त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अकस्मात धाप लागणे, छातीत दुखणे वा खोकल्यातून रक्त पडणे ही आणीबाणी समजावी.

रुग्णालयास मिळणाऱ्या देणगीतून मोठी यंत्रे येतात, तसेच चालण्याचे वॉकर आणि भिंतीलगतचे कठडेही येतात. त्यांच्या आधाराने रुग्णाने टाकलेले पहिले पाऊल हाही उपचारच होय. त्या वेळी नातेवाइकांनी “पडून राहा” असे न म्हणता आपला हात पुढे करावा, ही नम्र विनंती.