उसन्या शस्त्राची धनीण : निळी समुद्री गोगलगाय

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या, परंतु आतून बेरकी असलेल्या माणसास उद्देशून वापरली जाते. खुल्या महासागरातील एका गोगलगायीस ती तंतोतंत लागू पडते. ‘ग्लॉकस अटलांटिकस’ हे तिचे शास्त्रीय नाव. कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सागरसफरीत (१७७२-७५) सहभागी झालेले निसर्गशास्त्रज्ञ फोर्स्टर यांनी १७७७ मध्ये ते दिले. ‘ब्लू ड्रॅगन’ या नावाने ती अधिक परिचित आहे.

रूप आणि रंग

मृदुकाय संघातील हा प्राणी साधारणतः ३ सेंटीमीटर लांबीचा असून त्याच्या पाठीवर शंख नसतो. निमुळत्या शरीराच्या दोन्ही अंगांना फाटे फुटलेले असतात आणि त्यांवर बोटांसारखी उपांगे पंख्याप्रमाणे पसरलेली असतात. ही गोगलगाय हवेचा बुडबुडा गिळून जठरात साठविते व पाण्यावर उताणी तरंगते. त्यामुळे तिची निळी पोटाची बाजू आकाशाकडे, तर रुपेरी पाठ पाण्याकडे राहते. वरून पक्ष्याला ती निळ्या पाण्यात आणि खालून माशाला चकाकत्या पृष्ठभागात सहसा दिसून येत नाही.

आहार हेच संरक्षण

पावसाळ्यात मुंबईच्या जुहू व गिरगाव किनाऱ्यांवर वाहून येणारा निळसर, फुग्यासारखा विषारी ‘फायसेलिया’ हे तिचे आवडते भक्ष्य. त्याच्या दंशकोशिका ती पचवीत नाही. त्या शाबूत राखून आपल्या उपांगांच्या टोकांशी साठविते. तेथे त्या एकवटल्यामुळे तिचा दंश कित्येकदा मूळ भक्ष्याच्या दंशाहूनही तीव्र ठरतो. प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असते. मीलनानंतर दोघीही अंडी घालतात.

किनाऱ्यावरील सावधगिरी

वारा नेईल तिकडे जाणारा हा जीव वादळवाऱ्यात किनाऱ्यास लागतो. डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळानंतर चेन्नईच्या बेझंटनगर किनाऱ्यावर तो आढळला. ऑगस्ट २०२५ मध्ये स्पेनमधील गार्दामार देल सेगुरा येथे अवघे दोन जीव सापडताच स्थानिक प्रशासनाने समुद्रस्नानास तात्पुरती बंदी घातली. स्थानिक संस्थेच्या तत्परतेचे हे बोलके उदाहरण होय.

मृत गोगलगायीच्या दंशकोशिकाही कार्यक्षम राहू शकतात. म्हणून वाळूत पडलेला निळा, सुंदर जीव हाती घेऊ नये, हे शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबवावे. दंश झाल्यास ती जागा चोळू नये. समुद्राच्या पाण्याने धुवावी, सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी व रुग्णास आरोग्य केंद्रात न्यावे. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी एवढी सूचना फलकावर लावली, तरी अनेक बालकांच्या वेदना टळतील.