लाकडावरची लिबलिबीत बुरशी : तिची कुळे कशी ठरली?

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर कानाच्या पाळीसारखी लिबलिबीत बुरशी उगवते. ऊन पडले की ती आक्रसून कडक होते, सर आली की पुन्हा फुगते. ही ऑरिक्युलॅरिया. लिनियसने १७५३ मध्ये तिला नॉस्टॉकसारख्या बुळबुळीत पदार्थांबरोबर ‘ट्रेमेला’ या एकाच प्रजातीत घातले, आणि तेही शैवालांत!

पुढे सूक्ष्मदर्शकातून बीजाणू धारण करणारी पेशी, म्हणजे बॅसिडियम, नीट दिसू लागली. ऑरिक्युलॅरियात तिला आडवे पडदे असतात, ट्रेमेलात उभे. डॅक्रिमायसिसात पडदाच नाही, पेशी चिमट्यासारखी दुभंगलेली. याहून भक्कम पाया कोणता, असे कोणालाही वाटेल.

घोटाळा केला एक्सिडियाने. तिचे पडदे उभे, म्हणून ती बराच काळ ट्रेमेलाच्या गोतावळ्यात बसविली गेली. डीएनएच्या अभ्यासाने मात्र ती ऑरिक्युलॅरियाची भाऊबंद ठरली. माझ्या मते, पडद्यांइतकेच लक्ष आहाराकडेही द्यायला हवे होते. एक्सिडिया मेलेले लाकूड कुजविते. ट्रेमेला मेसेंटेरिका लाकडावर दिसते खरी, पण पोसली जाते तेथल्याच पेनिओफोरा या दुसऱ्या बुरशीवर. आज ट्रेमेला आणि डॅक्रिमायसिस यांचे वर्ग स्वतंत्र आहेत, आणि ऑरिक्युलॅरिया व एक्सिडिया नेहमीच्या अळंब्यांच्या वर्गात जाऊन बसल्या आहेत.