बांगडा एकच, पण थवा कुठला?

संशोधक धक्क्यावर येऊन बांगडे मागतात, पट्टीने मोजत बसतात. हे कशाला, असं बरेच जण विचारतात, म्हणून थोडं सविस्तर.

एकाच जातीच्या माशांचे समुद्रात वेगवेगळे समूह असू शकतात. त्यांची अंडी घालायची जागा वेगळी, एकमेकांत ते फारसे मिसळत नाहीत. एक समूह जास्त मारला गेला तर दुसरा येऊन जागा भरेलच असं नाही. उलट आपला आणि कारवारसमोरचा बांगडा एकच समूह असेल, तर गोव्याने एकट्याने नियम करून भागणार नाही. पण दिसायला सगळे सारखेच. मग ओळखायचं कसं?

युरोपात हेरिंग आहे, आपल्या तारलीचा भाऊबंद. त्याचे थवे दूर उत्तरेकडून येतात अशी जुनी समजूत होती. जर्मनीच्या हाइन्के यांनी हजारो हेरिंग मोजून १८९८मध्ये दाखवलं, की ठिकठिकाणचे हेरिंग वेगळे आहेत. मणके मोजणं ही त्यातली मोठी खूण. उत्तर समुद्रातल्या हेरिंगला सरासरी ५६.५ मणके, पश्चिम बाल्टिकमधल्याला ५५.८. फरक एका मणक्याहूनही कमी! एक मासा बघून काहीच कळत नाही, पुष्कळ मोजले की कळतं. दोन्ही जिथे मिसळतात, तिथे पकडीत कोणाचा वाटा किती हे या सरासरीवरून काढत आले आहेत.

बांगड्याला ही युक्ती चालत नाही, त्याचे मणके ३१च. तिथे आकार मापतात: तोंडाच्या टोकापासून पाठीच्या परापर्यंत, तिथून पोटाच्या परापर्यंत, असं सगळं अंग जाळ्याच्या आसांसारखं. काटबांगड्यावर हे झालंय. अरबी समुद्रातल्याचा आणि बंगालच्या उपसागरातल्याचा आकार वेगळा निघाला.

अर्थात आकारातला फरक म्हणजे रक्तातला फरक नव्हे. थंड पाण्यात वाढलेल्या पिल्लांना मणके जास्त येतात, खाणं बदललं की अंगही बदलतं. रक्ताचं नातं बघायला डीएनए तपासावा लागतो.

तेव्हा नमुना देताना मोठे-मोठे निवडून देऊ नका (पाहुण्याला चांगला मासा द्यायची आपली सवय!). जाळ्यात आले तसे द्या, दबलेले-वाकलेले वगळा. गाबोळीवाल्या मादीचं पोट फुगलेलं असतं, ते बाजूला दाखवा. जागा हे धंद्याचं गुपित, आम्हालाही कळतं. पण निदान कोणत्या बंदरासमोर आणि किती वाव पाण्यात, एवढं खरं सांगा. दोन बोटींचा माल एका क्रेटमध्ये मिसळला, की सगळी मोजणी फुकट.