'किती एचपीचा देऊ?'

प्रश्न : घरामागच्या पत्र्याच्या खोलीत छोटं वर्कशॉप थाटलंय. लाकडी सामानाला रंग आणि पॉलिश, गाडीत आणि ट्रॉलीच्या चाकात हवा, भुसा झटकणं, पुढेमागे हवेवर चालणारा सँडर, एवढी कामं डोक्यात आहेत. कॉम्प्रेसर घ्यायला गेलो की दुकानदाराचा पहिला सवाल, 'किती एचपीचा देऊ?' एक म्हणतो, एकचा पुरे. दुसरा म्हणतो, तीनच्या खाली घेऊच नका. तिसऱ्यानं सांगितलं, टाकी मोठी घ्या, मोटर लहान चालते. नेमकं बघायचं काय?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तिघांपैकी एकानंही तुम्हाला 'हवा किती लागते' हे विचारलं नाही, घोळ तिथंच आहे. कॉम्प्रेसर घेताना मोटरीवरून सुरुवात करायची नसते, हातातल्या अवजारावरून करायची असते. प्रत्येक अवजार मिनिटाला ठरावीक हवा पितं. ती मोजतात सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. लहान पिस्टनचा कॉम्प्रेसर एका एचपीमागे सात बार दाबाला तीन ते चार सीएफएम हवा देतो. त्याहून फार जास्त कोणी सांगत असेल, तर तो बहुधा पिस्टनच्या घनफळाचा आकडा सांगतोय. पिस्टन जितकी हवा ओढतो तितकी सगळी बाहेर पडत नाही, गळती आणि उष्णतेत तिसरा हिस्सा सहज जातो. म्हणून विचारायचं ते 'एफएडी किती?' एवढंच. म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा. या प्रश्नावर दुकानदार गडबडला तर पाटीवरचा आकडा स्वतः वाचा.

आता तुमची यादी. चाकात हवा भरणं हे काम वाटतं मोठं, असतं किरकोळ. ट्रॉलीचं टायर शंभर लिटरचं धरा आणि त्यात चार बार दाब हवा असं समजा. रिकाम्यापासून भरायला चारशे लिटर मोकळी हवा लागेल. दोन एचपीचा कॉम्प्रेसर ती दोन-अडीच मिनिटांत देतो, एकचा चार-पाच मिनिटांत. चहा होईपर्यंत भरून होतं. साध्या स्प्रे गनला चार ते सहा सीएफएम लागतात. कमी दाबाच्या, रंग वाचवणाऱ्या गनला त्याच्या दुप्पट लागू शकतात, तेव्हा गनच्या खोक्यावरचा आकडा बघूनच गन घ्या. सँडर मात्र खादाड आहे. तो सतत चालतो आणि बारा सीएफएमच्या पुढे सहज जातो. त्याच्यासाठी तीन एचपीही अपुरा पडेल. माझं ऐकाल तर यादीतून तो खोडा आणि विजेवरचा सँडर घ्या. तीनशे वॉटमध्ये तेच काम होतं, आणि त्या एका अवजारापायी दुप्पट कॉम्प्रेसर घ्यायची पाळी येत नाही.

मोठ्या टाकीचा सल्ला अर्धा खरा आहे. ५० लिटरच्या टाकीत आठ बार हवा आहे आणि सहा बारपर्यंत ती वापरता येते, असं धरा. दोन बार गुणिले ५० म्हणजे शंभर लिटर, साडेतीन घनफूट. पाच सीएफएमची गन ते पाऊण मिनिटात संपवते. टाकी म्हणजे घरावरची पाण्याची टाकी समजा, आणि मोटर म्हणजे बोअर. टाकी कितीही मोठी बांधली तरी बोअरला पाणी आहे तेवढंच मिळणार. अधूनमधून लागणाऱ्या कामाला, खिळे मारण्याच्या गनला, झटकायला मोठी टाकी उपयोगी. सलग रंगाला नाही.

एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण तुम्ही राहता मराठवाड्यात. इथं आणखी दोन गोष्टी कॉम्प्रेसर ठरवतात, व्होल्टेज आणि ऋतू.

मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. २३० च्या जागी १८० आले तर जोर एकसष्ट टक्क्यांवर येतो. त्यात सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, त्यामुळे तारेतच आणखी व्होल्टेज पडतं. मग मोटर घुंघुं करते, फिरत नाही, आणि दहा-पंधरा सेकंदांत वास सुटतो. खरेदीआधी मल्टिमीटर घ्या आणि वर्कशॉपच्याच सॉकेटला संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान व्होल्टेज मोजा, ते सुद्धा घरातली एखादी जड वस्तू चालू ठेवून. २०० च्या वर राहत असेल तर सिंगल फेजवर दोन एचपी निर्धास्त. खाली जात असेल तर आधी वायरिंग बघा : मीटरपासून अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, सोळा अँपिअरचं सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. लांब जायचं असेल तर हवेचा पाइप लांबवा, विजेची वायर नाही. इन्व्हर्टरवर हे चालेल का, असं पुढचं पत्र येण्याआधीच सांगतो : घरगुती इन्व्हर्टर त्या सुरुवातीच्या झटक्यालाच बसतो.

कॉम्प्रेसर बंद होताना 'फुस्स' असा आवाज येतो का, हेही दुकानात ऐका. हेडमध्ये अडकलेली हवा तेव्हा सुटते, म्हणून पुढच्या वेळी मोटर रिकाम्या पिस्टनवर सुरू होते. ती हवा सुटली नाही, तर कमी व्होल्टेजात तुमची मोटर कधीच उठणार नाही.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. हवा दाबली की तापते. ४२ अंशांची हवा एका दमात सात बारला दाबली, तर कागदावरचं उत्तर २९० अंशांच्या पुढं जातं. प्रत्यक्षात हेडचे पंखे आणि वारा काही उष्णता काढून नेतात, पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत नेईल कोण? म्हणून कॉम्प्रेसर खोलीबाहेर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला, छपराखाली ठेवा. आवाजही बाहेर राहतो आणि रंगाची वाफही आत ओढली जात नाही. दहा मिनिटांत सहा मिनिटं चाललं की चार मिनिटं विश्रांती, असा हिशेब धरून काम करा.

पाण्याचा हिशेब मात्र उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात चुकतो. ३० अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत चोवीसेक ग्रॅम वाफ असते. ती सात बारला दाबून थंड झाली की त्यातलं १९–२० ग्रॅम पाणी टाकीत उतरतं. तीच हवा कोरड्या उन्हाळ्यात घेतली तर दोनेक ग्रॅमच उतरतं. म्हणजे मे महिन्यात घेतलेला कॉम्प्रेसर 'छान चालतोय' म्हणता म्हणता जुलैत रंगावर थेंब फेकू लागतो. रोज काम संपल्यावर टाकीखालचा नळ उघडा. टाकी आतून गंजते ती याच पाण्यानं. गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावा, तोही टाकीला चिकटून नको, पाच-सात मीटर पाइपानंतर. तोवर हवा थंड झालेली असते. एनसी लॅकर पावसाळ्यात पांढरं पडतं त्याला मात्र फिल्टर औषध नाही, ती बाहेरच्या हवेची करामत. त्या दिवशी पॉलिश करू नका, झालं.

हवा नीट मोजणारे लोक बघायचे असतील तर लातूरच्या एखाद्या डाळ मिलमध्ये जा. तिथं रंगावरून डाळ निवडणारी सॉर्टेक्स यंत्रं असतात. घसरणीवरून दाणे सुटतात, कॅमेरा काळा दाणा टिपतो आणि त्या क्षणी बारीक झडपेतून हवेचा फटकारा त्या एकाच दाण्याला बाजूला उडवतो. त्या झडपांना थेंबभर पाणी किंवा तेल चालत नाही, म्हणून कॉम्प्रेसरसोबत ड्रायर आणि फिल्टर येतातच. मिलमालक कॉम्प्रेसर घेताना यंत्राची हवेची गरज आधी विचारतो, एचपी नंतर येतो.

तेव्हा तुमच्यासाठी : दोन एचपी, सिंगल फेज, बेल्टवाला, तेलावर चालणारा, शंभर लिटरच्या आसपास टाकी. बिनतेलाचा घेऊ नका असं नाही, घराला घर लागून असेल तर कमी आवाजाचा बिनतेली चांगला. पण रोजच्या कामाला बेल्टवाला जास्त वर्षं टिकतो आणि त्याची रिंग-वॉशर नांदेडातच मिळते. तेल कॉम्प्रेसरचंच घाला, गाडीच्या इंजिनचं नाही. आणि शेतातला उरलेला पीव्हीसी पाइप हवेसाठी वापरू नका. तो पाण्याला बरा. हवेनं फुटला की त्याच्या चकत्या सुऱ्यासारख्या उडतात.

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी गेलं. त्यावरचा कॉम्प्रेसर पंप तसाच पडून आहे. वर्कशॉपला चालेल का? आणि नुसत्या हवेनं पाणी वर कसं येत होतं, हे आजवर कळलं नाही.
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : आधी दुसरं. बोअरमध्ये दोन पाइप असतात, एक पाण्याचा, एक हवेचा बारीक. हवा खाली पाण्याच्या पाइपात सोडली की आतलं पाणी बुडबुड्यांनी हलकं होतं. बाहेर बोअरमध्ये उभं असलेलं जड पाणी त्याला वर ढकलतं. पाणी धापा टाकत येतं ते त्यामुळं. खाली फिरणारा एकही भाग नाही, वाळू आली तरी बिघडत नाही, म्हणून कमी पाण्याच्या बोअरला लोक हेच बसवतात. वीज मात्र पाणबुडी मोटरीपेक्षा बरीच जास्त खातो. आणि ढकलायला खाली पुरेसं पाणी उभं असावं लागतं. पातळी उतरली की नुसती हवा ढेकर देत बाहेर येते. तुमचं तेच झालं.

आता पहिलं. हेड चांगलं असेल तर चालेल, पण आहे तसं नाही. हा पंप दिवसभर सलग चालायला बनवलेला असतो. वर्कशॉपला टाकी, प्रेशर स्विच, हवा सोडणारा अनलोडर, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्ह हवाच. टाकी नवी घ्या, दाब तपासल्याची पाटी असलेली. भंगारातली किंवा गॅसच्या सिलिंडरची जोडलेली नको. मोटर बहुधा थ्री फेज पाच एचपीची असेल. घरी सिंगल फेज असेल तर तीन एचपीची लावा आणि मोटरीची पुली त्या हिशेबानं लहान करा, म्हणजे हेड हळू फिरेल आणि मोटरीवर बोजा येणार नाही. पण फार हळूही नको. यातल्या बऱ्याच हेडमध्ये तेल पंपानं चढत नाही, खालचा चमचा फिरून उडवतो. फेरे खूप कमी झाले की चमचा तेल फेकत नाही आणि सिलिंडर कोरडा घासतो. किमान फेरे किती हवेत ते हेड बनवणाऱ्या कंपनीकडून विचारून घ्या, त्याच्या खाली जाऊ नका. आणि शेतीच्या जोडणीवर वर्कशॉप चालवू नका. दर वेगळा आहे, महावितरणच्या तपासणीत ते अंगाशी येतं.