निवाड्यापासून वतनापर्यंत

शास्त्रपाठ : गणना २६:३३, २७:१-११, ३६:१-१२, यहोशवा १७:३-६

मुख्य विचार : हक्क मान्य होणे निराळे आणि तो हाती येणे निराळे. या दोहोंमधील वाट चालून जाणे हाही विश्वासाचाच भाग आहे.



गणना या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएल लोकांची मोजदाद दिली आहे. वीस वर्षांचे व त्याहून अधिक वयाचे, लढाईस जाण्याजोगे पुरुष तेवढे मोजावयाचे होते. कुळांमागून कुळे आणि आकड्यांमागून आकडे येतात. परंतु मनश्शेच्या वंशापाशी आल्यावर पुरुषांच्या या यादीत पाच स्त्रियांची नावे दिसतात : महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा. या सलाफहादाच्या मुली. त्यांच्या पित्यास पुत्र नव्हता आणि तो रानात मरण पावला होता. देशाची वाटणी पुरुषांच्या नावे होणार असल्याने त्याच्या घराण्याचे नावच वतनातून नाहीसे होणार होते.

पुढल्याच अध्यायात या पाचही बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी येऊन उभ्या राहतात. समोर मोशे आहे, एलाजार याजक आहे, सरदार आहेत आणि सर्व मंडळी जमली आहे. त्या रडत नाहीत, याचनाही करीत नाहीत. त्या युक्तिवाद करतात. आमचा बाप कोरहाच्या बंडात सामील नव्हता. केवळ पुत्र नाही म्हणून त्याचे नाव का पुसले जावे? मोशे त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेतो आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निवाडा मिळतो. तो त्या पाच जणींपुरता राहत नाही, सर्व इस्राएलासाठी विधी ठरतो.

येथे पुष्कळ प्रवचने संपतात. शास्त्रातील हकीकत मात्र संपत नाही. छत्तिसाव्या अध्यायात त्याच कुळातील वडीलधारे मोशेकडे जातात व आपली अडचण मांडतात. या मुलींनी दुसऱ्या वंशात विवाह केला तर जमीन त्या वंशाकडे जाईल. त्यावरून त्यांच्या विवाहावर मर्यादा येते. पुढे मोशे मरण पावतो, लोक यार्देन ओलांडतात आणि जमिनीची वाटणी सुरू होते. तेव्हा यहोशवाच्या सतराव्या अध्यायात याच बहिणी पुन्हा पुढे येतात. निवाडा झाला त्या दिवशी हजर असलेला एलाजार याजक तेथे आहे; तरी त्यांना स्वतः येऊन मोशेला दिलेल्या आज्ञेची आठवण करून द्यावी लागते. त्यानंतरच वतन त्यांच्या हाती पडते.

या दोन प्रसंगांमधील अंतर हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

संविधानाचा निवाडा

आपल्या देशात स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी १९१७ साली मद्रास येथे भारतमंत्री माँटेग्यू यांच्यापुढे शिष्टमंडळाने मांडली. १९२१ साली मद्रास व मुंबई इलाख्यांत तो अधिकार मिळाला, परंतु मालमत्तेच्या अटीमुळे तो थोड्याच स्त्रियांच्या वाट्याला आला. खरा निवाडा झाला तो २६ जानेवारी १९५० रोजी. संविधानाच्या १४ व्या कलमाने कायद्यापुढे समानता दिली. १५ व्या आणि १६ व्या कलमांनी लिंगावरून भेद करण्यास मनाई केली. ३२५ व्या कलमाने केवळ स्त्री म्हणून कोणासही मतदार यादीबाहेर ठेवता येणार नाही असे सांगितले आणि ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. ज्या संविधान सभेने हे केले तिच्यात राजकुमारी अमृत कौर आणि त्रावणकोरच्या ॲनी मस्करीन या दोन ख्रिस्ती भगिनी होत्या, हे आपल्या मुलामुलींना सांगण्याजोगे आहे.

तरीही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची मतदार यादी करताना एक विलक्षण अडचण आली. उत्तर भारतातील पुष्कळ स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी एवढीच त्यांची नोंद झाली. नावावाचून मत नाही असे निवडणूक आयोगाने ठरविले आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. संविधानाने त्यांना मत दिले होते. परंतु नाव उच्चारू न देणाऱ्या रूढीने ते त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. सलाफहादाच्या मुलींची नावे शास्त्राने एवढ्या आवर्जून वारंवार का नोंदविली असावीत, हे या घटनेच्या प्रकाशात अधिक चांगले कळते.

बंगळूरचे उदाहरण

हीच गोष्ट एका शहराच्या उदाहरणाने पाहू. बंगळूर आपल्या परिचयाचे आहे. तेथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० पासून देशभरच्या मंडळ्यांसाठी सेवक घडवीत आले आहे, आणि नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही थोडी नाहीत.

चोनिरा बेलियप्पा मुथम्मा यांचे नाव आपण कदाचित ऐकले असेल. त्या मूळच्या कोडगूच्या, मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजच्या विद्यार्थिनी. १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. पुढच्याच वर्षी संविधानाने सरकारी नोकरीत समान संधी दिली. परंतु त्या सेवेच्या नियमांत स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटल्यास राजीनामा द्यावा, असे लिहिलेले होते. पुरुष अधिकाऱ्यास अशी अट नव्हती. वरच्या पदासाठी डावलले गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कठोर शब्दांत टीका केली. तोवर सरकारने त्यांना बढती दिली होती आणि नियम बदलण्याची तयारीही दाखविली होती. संविधानाला तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती. त्यांचे अखेरचे दिवस बंगळूर येथे गेले व तेथेच २००९ साली त्यांचे निधन झाले. एका जागरूक स्त्रीने दार ठोठावले तेव्हाच तो नियम हलला, हे आपण ध्यानात ठेवावे.

याच शहरातील विधानसौधात १९८३ साली कर्नाटकाने पंचायतींविषयीचा एक कायदा केला व स्त्रियांसाठी पंचवीस टक्के जागा राखून ठेवल्या. १९८७ च्या निवडणुकीत हजारो ग्रामीण स्त्रिया त्या जागांवर निवडून आल्या. पुढे १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने देशभरच्या पंचायतींत व नगरपालिकांत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी त्या निम्म्यापर्यंत नेल्या.

पण निम्मी जागा मिळाली तरी निवडणूकच झाली नाही तर? बंगळूर महापालिकेची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली आणि सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये शहरासाठी पाच नव्या महापालिका स्थापन झाल्या, तेव्हाही लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक तेथे नव्हता. मुंबई महापालिकेतही मार्च २०२२ नंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ असेच घडले. नळाचे पाणी, कचरा, रस्त्यावरचे दिवे या गोष्टींचा भार घराघरांतून सर्वाधिक स्त्रीवर पडतो. त्यांविषयी बोलण्यासाठी दिलेल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि त्या भरा म्हणून मोठ्याने सांगणारे थोडेच निघाले.

संसदेतील वाट्याचेही असेच आहे. लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झाली. परंतु जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना या अटी तिला जोडलेल्या होत्या. म्हणून २०२४ ची लोकसभा निवडणूक तिच्यावाचूनच झाली. ५४३ सभासदांत ७४ स्त्रिया निवडून आल्या. कर्नाटकाच्या २८ जागांपैकी स्त्रियांच्या वाट्याला आल्या ३.

आपल्याच घराचा कायदा

येथवर आपण सरकारकडे पाहिले. आता आपल्या घराकडे वळू.

त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वडील वारले तर मुलीला मुलाच्या वाट्याच्या एकचतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. कोट्टयमच्या शिक्षिका मेरी रॉय यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, तेथील ख्रिस्ती मुलींनाही १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्या कायद्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा आहे. मात्र निकाल हाती असूनही प्रत्यक्ष वाटा मिळविण्यासाठी मेरी रॉय यांना आणखी वीसहून अधिक वर्षे न्यायालयात झगडावे लागले. गणना सत्ताविसापासून यहोशवा सतरापर्यंतची वाट ती हीच. त्यांच्या त्या झगड्यात त्यांना विरोध करणारे बहुतेक आपलेच ख्रिस्ती बांधव होते, हे दुःखाने नमूद करावे लागते.

घटस्फोटाच्या १८६९ च्या कायद्यातही असाच भेद होता. पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे. पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रूरपणा किंवा परित्याग यांसारखा आणखी एखादा अपराध सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद संविधानाविरुद्ध ठरविला आणि २००१ च्या दुरुस्तीने संसदेने तो काढून टाकला. विवाह पवित्र आहे हे आपण मानतोच. परंतु पवित्र बंधनाचे ओझे दोघांपैकी एकाच्याच खांद्यावर ठेवणे हे पवित्र नव्हे.

१९२५ च्या कायद्यातही एक उणीव दिसते. अपत्यहीन मनुष्य मृत्युपत्रावाचून वारला, तर त्याच्या विधवेचा वाटा वजा जाता उरलेले सर्व ४२ व्या कलमाप्रमाणे हयात पित्याला जाते. आईला काही नाही. २०१४ साली विधी आयोगाने आपल्या २४७ व्या अहवालात हे बदलण्याची शिफारस केली. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते?

आणि जेथे कायदा मुलीच्या बाजूने आहे तेथे काय घडते? वडिलांच्या दफनविधीनंतर काही महिन्यांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. भावांशी संबंध बिघडू नयेत म्हणून ती सही करते आणि तिला प्रेमळ म्हटले जाते. तिने नकार दिला तर तिला लोभी म्हटले जाते. ईयोबाने आपल्या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले (ईयोब ४२:१५). ते त्याने स्वतःहून, आनंदाने दिले. आपल्या बापांनी हा वचनभाग वाचला नाही काय?

एक आक्षेप

कोणी म्हणेल, ‘ख्रिस्ती मनुष्याने हक्कांसाठी भांडू नये, आपला प्रभू तर नम्र व लीन होता.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावयास हवे. स्वतःचा हक्क स्वखुशीने सोडणे ही नम्रता होय. दुसऱ्याचा हक्क दाबून ठेवून त्याला नम्रतेचा उपदेश करणे, ही मात्र निराळीच गोष्ट आहे. पौलाने फिलिप्पै येथे चोरून सुटका करून घेण्याचे नाकारले व आपल्या रोमी नागरिकत्वाकडे अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले (प्रेषितांची कृत्ये १६:३७). लूकच्या अठराव्या अध्यायात अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणारी विधवा तर प्रभू येशूने प्रार्थनेचा आदर्श म्हणून दाखविली आहे.

मंडळीच्या जीवनातही वाट अशीच सावकाश उलगडली आहे. ख्रिस्तात स्त्री व पुरुष हा भेद उरत नाही (गलती ३:२८) हे वचन पहिल्या शतकातले. चर्च ऑफ साउथ इंडियात पहिल्या स्त्री बिशप, पुष्पा ललिता, यांचा दीक्षाविधी २०१३ साली झाला. भारतातील कॅथोलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने स्त्रीपुरुष समतेविषयीचे आपले धोरण २०१० साली प्रसिद्ध केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण आपल्या स्थानिक मंडळीच्या कमिटीत किती भगिनी आहेत? त्यांना हिशेब दाखविले जातात, की केवळ अल्पोपाहाराची व्यवस्था त्यांच्याकडे सोपविली जाते?

म्हणून, वाचकहो, हा पाठ केवळ वाचून ठेवू नका. घरातील प्रत्येक प्रौढ स्त्रीचे नाव मतदार यादीत आहे किंवा नाही, आणि ते बिनचूक आहे किंवा नाही, हे या महिन्यात पाहा. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीचे नाव पुष्कळदा माहेरच्या यादीतून निघते आणि सासरच्या यादीत चढत नाही. आपले मृत्युपत्र केलेले नसेल तर करा, आणि त्यात मुलीचा वाटा लिहा. महिला संघाच्या एका सभेत एखाद्या वकिलास बोलावून वारसा कायद्याची माहिती घ्या. सलाफहादाच्या मुली पाच होत्या आणि पाचही एकत्र गेल्या. आपल्या मंडळीतील जी भगिनी आज एकटीच दाराशी उभी आहे, तिच्या शेजारी जाऊन उभे राहा.

चिंतनासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. मोशेने स्वतः निर्णय न देता प्रकरण परमेश्वरापुढे नेले. पुढाऱ्यांनी यातून काय शिकावे?

२. गणना ३६ मधील वडीलधाऱ्यांची चिंता समजण्याजोगी होती काय? आपल्या काळी कुटुंबाचे हित म्हणून कोणती बंधने स्त्रियांवरच घातली जातात?

३. निवाडा ठाऊक असूनही एलाजाराला आठवण का करून द्यावी लागली असावी?

४. आपल्या मंडळीत स्त्रियांना मिळालेला, परंतु अद्याप वापरात न आलेला एखादा अधिकार आहे काय? तो कोणता?

प्रार्थना : हे न्यायी पित्या, तू सलाफहादाच्या मुलींचे ऐकलेस. आमच्या लेकींचे व बहिणींचे जे आहे ते त्यांना देण्याचे मन आम्हांला दे, आणि मागणाऱ्यांना धैर्य दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.